शंभर गायींमागे वासरे किती?

पशुसंवर्धनाच्या आढावा बैठकीत पहिला आकडा येतो तो कृत्रिम रेतनाचा. उद्दिष्ट एवढे, साध्य एवढे. एखाद्या तालुक्याने उद्दिष्ट गाठले की पुढचा तालुका. त्या रेतनांतून गायी किती गाभण राहिल्या, किती उलटल्या (म्हणजे न राहता पुन्हा माजावर आल्या), वासरे किती झाली आणि त्यातली किती वर्षभर जगली, हे आकडे त्याच तक्त्यात शेजारी क्वचितच दिसतात. नागपूर विभागातल्या गोपैदाशीचे दुखणे इथूनच सुरू होते, असे माझे ठाम मत आहे. रेतन ही मेहनत झाली, पीक म्हणजे वासरू. शेतकऱ्याला आपण बियाण्याच्या थैल्या मोजून उत्पन्न विचारत नाही, मग गोठ्यात तसे का करतो?

मोजायचे माप साधे आहे: शंभर प्रजननक्षम गायींमागे वर्षाला किती वासरे. दोन वेतांतले अंतर १२ महिन्यांचे असेल तर १००, १५ महिने झाले तर ८०, १८ महिने झाले तर ६७, आणि दोन वर्षांआड एक वेत असेल तर ५०. यात दूध, वजन, बैलाची ताकद काहीच आलेले नाही, कारण वासरूच नसेल तर पुढचे सगळे गणित शून्यावरच थांबते. साडेतीनशे किलोच्या आतबाहेरची गाय दिवसाला सात-साडेसात किलो कोरडा चारा खाते. एक माज हुकला की २१ दिवस गेले, म्हणजे दीड क्विंटलांवर कुटार गेले, आणि बदल्यात दूधही नाही, वासरूही नाही.

मांसासाठी गुरे पाळणाऱ्या देशांत हे गणित फार पूर्वी पक्के झाले. तिथे गायीचे दूध विकायचे नसते. वर्षाला एक वासरू हेच तिचे उत्पन्न. दक्षिण आफ्रिकेत यान बोन्स्मा यांनी १९३७ पासून मारा संशोधन केंद्रावर उष्ण प्रदेशासाठी बोन्स्मारा जात बांधली, ती रूपापेक्षा उन्हात टिकून नेमाने विणाऱ्या गायी निवडून. अमेरिकेत टॉम लासाटर यांनी बीफमास्टर जात घडवताना सहाच गोष्टी पाहिल्या: स्वभाव, प्रजननक्षमता, वजन, बांधा, काटकपणा आणि दूध. रंग, शिंगे, खुणा यांना त्यांच्या यादीत जागाच नव्हती. कालवड ठरल्या वयात व्यायली नाही किंवा गायीचे एक वर्ष रिकामे गेले, तर ती कळपातून बाहेर. ब्राझीलमधली नेलोर ही तर आपल्याच आंध्रातल्या ओंगोलची लेक. तिथे आज चौदा ते सोळा महिन्यांत गाभण राहणाऱ्या कालवडी शोधून त्यांच्या बापांना पुढे आणले जाते. ही ओंगोल आणि आपली वर्धा-नागपूरची गवळाऊ यांना जातींच्या जुन्या वर्गीकरणात एकाच गटात ठेवलेले आहे. रक्त जवळचे असताना एका देशात कालवड सव्वा वर्षात गाभण राहते की नाही हे तपासले जाते, आणि आपल्याकडे ती तीन वर्षांची झाली तरी माजावर आली का, हे कुणी लिहून ठेवत नाही.

इथे एक मोठा फरक आहे आणि तो नजरेआड करून चालणार नाही. त्या देशांत न विणारी गाय विकली जाते आणि तिचा वंश आपोआप थांबतो. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीची आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैल-वळूचीही कत्तल बंद आहे. कायदा असावा की नसावा, हा या लेखाचा विषय नाही. मुद्दा असा की भाकड गाय इथे गोठ्यातच राहणार, खाणार आणि माजावर आली की पुन्हा भरवली जाणार. चार वेळा उलटलेली गाय संप्रेरकांची इंजेक्शने देऊन पाचव्यांदा कशीबशी गाभण राहिली आणि तिला कालवड झाली, तर घरातले सगळे आनंदतात. तो आनंद खरा आहे. पण ती कालवड पुढच्या पैदाशीसाठी ठेवणे म्हणजे वंध्यत्व सांभाळून पुढच्या पिढीला देणे. म्हणून ज्यांना नापास गाय कळपातून काढता येते त्यांच्यापेक्षा आपल्याला प्रजननाची काळजी जास्त घ्यायला हवी. गाय काढता येत नसली तरी तिचा वंश पैदाशीतून वगळता येतो. तिला दुधापुरते सांभाळा, पण तिच्या पोटचा गोऱ्हा वळू म्हणून गावात सोडू नका आणि तिची कालवड विकताना घेणाऱ्याला खरे सांगा.

गायीकडून निवड होत नसेल तर निवडीचा सगळा भार वळूवर येतो. यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: प्रजननक्षमता आनुवंशिक फारशी नसते, मग वळू निवडून काय साधणार? आक्षेप अर्धा खरा आहे. वाढीच्या वजनातला तीस-चाळीस टक्के फरक आनुवंशिक असतो, तर दोन वेतांतल्या अंतरातला जेमतेम पाच ते पंधरा टक्के. बाकीचा फरक चारा, ऊन, रोग आणि माणसाच्या लक्षाचा. आठ टक्के धरून हिशोब करा. कळपाच्या सरासरीपेक्षा ६० दिवस आधी विणाऱ्या गायी निवडल्या आणि वळूकडे पाहिलेच नाही, तर पुढच्या पिढीत सुधारणा होते अडीच दिवसांचीही नाही. पण म्हणून हात झटकता येत नाहीत. आनुवंशिकता कमी असते तेव्हा एका जनावराची नोंद खोटी आशा दाखवते, खरे काय ते मुलींच्या मोठ्या संख्येतूनच कळते. त्याच आठ टक्क्यांवर एका वळूच्या १० मुलींच्या नोंदी असतील तर त्याच्या अंदाजाची अचूकता (पूर्ण अचूक म्हणजे १) ०.४१ येते, १०० मुलींच्या असतील तर ०.८२. एक वळू कृत्रिम रेतनातून हजारो गायींपर्यंत पोचतो. त्याच्या शंभर मुली कधी माजावर आल्या, कितव्या रेतनाला राहिल्या आणि दुसऱ्यांदा कधी व्यायल्या, एवढे लिहून ठेवणे अवघड नाही. त्या नोंदींशिवाय त्याच्या आईचे दूध किती, एवढ्यावर वळू निवडणे म्हणजे निम्मी परीक्षा घेऊन निकाल लावणे.

नोंदी जमेपर्यंत एक काम आजही होते, त्याला लागते ती फक्त मोजपट्टी. वळूच्या अंडकोशाचा घेर आनुवंशिक आहे, चाळीस टक्क्यांच्या आसपास. ज्याचा घेर वयाच्या मानाने मोठा, त्याच्या मुली सहसा लवकर वयात येतात. मोजायची रीत अशी: वळू खोड्यात उभा करायचा, मागून दोन्ही वृषण हलक्या हाताने खाली आणायचे, सर्वांत रुंद जागी पट्टी घट्ट न आवळता लावायची. तुलना एकाच वयाच्या, एकाच दावणीत खाल्लेल्या गोऱ्ह्यांचीच करायची, कारण उपाशी गोऱ्ह्याचा घेर लहानच भरतो. दोन वृषणांत उघड फरक असेल, एक वर चढलेला असेल, हाताला कडक किंवा पिठासारखा मऊ लागत असेल तर तो वळू नको. गावात सोडलेला देवाचा वळू असो की संस्थेने दिलेला, इतकी तपासणी झाल्याशिवाय त्याच्या भरवशावर गायी ठेवू नयेत. आणि दोन-तीन वर्षांनी तो बदलायलाच हवा. त्याच्याच मुली माजावर येऊ लागल्या की बाप-लेकीच्या संबंधातून होणाऱ्या वासरात सगोत्र प्रजननाचे प्रमाण २५ टक्के होते, आणि त्याची पहिली झळ बसते ती गर्भ टिकण्यालाच.

गवळाऊची गोष्ट यापेक्षा वेगळी आणि जास्त दुःखाची आहे. आर्वी, आष्टी, कारंजा या वर्ध्याच्या पट्ट्यात, नागपूर जिल्ह्याच्या काही भागांत आणि पलीकडे छिंदवाडा, बालाघाटात ही जात आहे. पांढरी-राखाडी, अंगाने हलकी, पाय लांब, चाल जलद. तिचे नाव बैलाने राखले. पण नेमका चांगला खोंड दोन-अडीच वर्षांचा झाला की कामासाठी खच्ची केला जातो, आणि उरलासुरला, कुणी विकत न घेतलेला गोऱ्हा गावात वळू होतो. पिढ्यान् पिढ्या उलटी निवड चालते ती अशी. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींच्या राज्य कायद्यांना मान्यता दिल्यावर शंकरपट पुन्हा रंगू लागले आणि वेगवान खोंडाला भाव आला. ही गवळाऊसाठी चांगली गोष्ट आहे, अट एकच: पटावर जिंकलेल्या खोंडाचे रेत खच्ची करण्याआधी साठवले गेले पाहिजे, आणि त्याच्या आईच्या वेतांची नोंद पाहूनच साठवले पाहिजे. नुसत्या वेगावर निवड झाली तर उद्या बैल धावेल आणि त्याची बहीण उलटत राहील. वर्धा जिल्ह्यातले हेटीकुंडीचे पैदास क्षेत्र, गवळाऊ पाळणारी गावे आणि नागपूरचे पशुवैद्यकीय विद्यापीठ मिळून हे काम करू शकतात.

याच कारणाने गवळाऊत लिंगनिश्चित रेतमात्रा सरसकट वापरू नये, असे मला वाटते. त्यातून नव्वद टक्के कालवडी होतात. दुधाच्या संकरित गायीत ते उपयोगाचे आहे, रस्त्यावर सोडले जाणारे गोऱ्हे कमी होतात. पण गवळाऊचे मुख्य धन तिचा नर आहे. नरच दहातला एक राहिला तर वळू निवडायचा कशातून? शिवाय या कांडीत (गोठवलेल्या रेताच्या नळीत) शुक्राणू कमी असतात, नेहमीच्या कांडीत सुमारे दोन कोटी तर यात वीस ते चाळीस लाख, त्यामुळे गाभण राहण्याचे प्रमाणही घटते. तिचा वापर निरोगी, अंगाने भरलेल्या कालवडीत, उभा माज डोळ्यांनी पाहून, पहिल्या-दुसऱ्या रेतनालाच करावा. वारंवार उलटणाऱ्या गायीत ती घालणे म्हणजे पैसा आणि महिना दोन्ही वाया.

संकराबद्दल थोडक्यात. देशी गायीवर होल्स्टीन किंवा जर्सीचा पहिला संकर झाला की प्रजननात संकरजोम (दोन जातींच्या मिश्रणातून येणारा जोम) सर्वाधिक दिसतो, कारण ज्या गुणांची आनुवंशिकता कमी त्यांत संकरजोम जास्त. पण त्या संकरित गायीवर पुन्हा होल्स्टीन घातला की विदेशी रक्त ७५ टक्के, त्यापुढे ८७.५. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा ही गाय धापा टाकते, खात नाही, माज दाखवत नाही. विदेशी रक्त निम्म्यावर थांबवायचे तर पुढचा वळू संकरित वा देशी हवा. कांडीवर वळूचा क्रमांक आणि जात छापलेली असते. ती पाहून वहीत लिहून घेणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे.

आता जिथे खरे वाया जाते तिकडे. आपल्याकडे एका रेतनाला गाभण राहण्याचे प्रमाण साधारण ३५ टक्के धरले जाते, आणि दोष लगेच कांडीला दिला जातो. हिशोब मांडून पाहा. दर माजापैकी निम्मेच ओळखले गेले आणि भरवलेल्या गायींतल्या ३५ टक्के राहिल्या, तर दर २१ दिवसांनी शंभरातल्या साडेसतराच गाभण. चार माजांत, म्हणजे ८४ दिवसांत ५४. आता कांडी सुधारून ३५ चे ४५ केले तर ५४ चे ६४ होतात. कांडी तीच ठेवून नुसता माज ओळखण्याचे प्रमाण ५० वरून ८० वर नेले तर ५४ चे ७३ होतात. प्रयोगशाळेपेक्षा गोठ्यातली नजर जास्त कमावून देते.

देशी गायीचा माज लहान, दहा-बारा तासांचा, बहुतेक वेळा रात्री सुरू होणारा, आणि उन्हाळ्यात मुका. दिवसातून एकदा, धार काढताना पाहून तो सापडत नाही. पहाटे पाच, दुपारी आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास अर्धा-अर्धा तास गायी मोकळ्या असताना पाहावे लागते. दुसरी गाय अंगावर चढली तरी निमूट उभी राहणे ही खरी खूण. काचेसारखा पारदर्शक, तारेसारखा लोंबणारा बळस (योनीतून येणारा चिकट स्राव) ही दुसरी. बळस पांढरट किंवा पुवासारखा असेल तर भरवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. शेपटीला रक्त दिसले तर माज दोन-एक दिवसांपूर्वी होऊन गेला, त्या दिवशी भरवणे व्यर्थ. तारीख लिहा आणि अठरा-एकोणीस दिवसांनी डोळे उघडे ठेवा. सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळच्या आत, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी पहाटे रेतन व्हावे. रेतन करणाऱ्या पशुधन पर्यवेक्षकाला फोन करून तो दोन दिवसांनी आला, तर दोष वळूचा नाही.

कांडीचे नुकसान मात्र होते, आणि ते सहसा डोळ्यांना दिसत नाही. द्रवनत्राच्या (द्रवरूप नायट्रोजनच्या) उणे १९६ अंशांतून कांडी बाहेर येते. कांड्यांचा डबा द्रवनत्राच्या पात्राच्या गळ्यावर काही सेकंद जास्त धरला तरी त्यातल्या बाकीच्या कांड्यांमधले शुक्राणू मरू लागतात आणि त्याच कांड्या पुन्हा आत जाऊन पुढच्या गायींना वापरल्या जातात. पाव मिलिलिटरची कांडी ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद धरायची, पुसून कोरडी करायची, आणि पंधरा मिनिटांच्या आत गर्भाशयमुखाच्या शेवटच्या कड्यापलीकडे सोडायची. उन्हात हातावर चोळून किंवा खिशात ठेवून वितळवणारा माणूस दिसला तर त्याला थांबवा. प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात थर्मामीटर आणि द्रवनत्र मोजायची पट्टी आहे का, हे आढावा बैठकीत विचारायला काय हरकत आहे?

चाऱ्याकडे वळू. वर्धा-नागपूरकडे सोयाबीन, तूर, हरभऱ्याचे कुटार, भंडारा-गोंदियाकडे धानाची तणस. दोन्हींनी पोट भरते, पण त्यांत फॉस्फरस कमी. तणसीत ऑक्झॅलेट जास्त, ते कॅल्शियम बांधून ठेवते. व्यायल्यानंतर तीन महिने उलटूनही माजावर न आलेली गाय बहुतेक वेळा आजारी नसते, उपाशी असते. पाठीवर आणि माकडहाडाजवळ हात फिरवा: पाचपैकी तीन-साडेतीन गुणांची मांसलता घेऊन व्यालेली गाय लवकर माजावर येते, दोनवर व्यालेली येत नाही. भरड, कोंडा आणि दिवसाला ५० ग्रॅम खनिज मिश्रण व्यायच्या दोन महिने आधीपासून हवे. व्याल्यावर सुरू केले तर उशीर झालेला असतो. कालवड वयाने नव्हे, वजनाने भरवावी, प्रौढ गायीच्या साठ टक्के झाल्यावर. आणि विदर्भापुरती खास गोष्ट म्हणजे सरकी ढेप. गायीला ती चालते. वळूला आणि वाढत्या गोऱ्ह्याला भरमसाट दिली तर तिच्यातले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य शुक्राणूंच्या मधल्या भागाची मोडतोड करते. ढेप बंद केल्यावर काही आठवड्यांनी रेत सुधारते. पैदाशीच्या नराला सोयाबीन किंवा शेंगदाण्याची ढेप द्या.

उन्हाचेही असेच. शुक्राणू तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात. म्हणून जुलैत गावच्या वळूने भरवलेल्या गायी जास्त उलटतात, तेव्हा कारण जुलैत नसते, मे महिन्यात असते. यावर उत्तर विदर्भाच्या ऋतूतच आहे. पाऊस पडून हिरवे गवत पोटात गेले की गायी सावरतात आणि भाद्रपद-आश्विनात नीट माजावर येतात. तेव्हा राहिलेली गाय साडेनऊ महिन्यांनी, मृगाच्या आगेमागे विते. वासराला हिरव्या चाऱ्याचे दूध मिळते, गाय पुन्हा ऐंशी-नव्वद दिवसांत गाभण राहू शकते, आणि वर्षाचे चक्र जुळते. बैलासाठी आणि घरच्या दुधासाठी पाळलेल्या गवळाऊला हाच हंगाम ठेवावा. बारमाही दूध पुरवणाऱ्याला हे परवडणार नाही, त्याने सावली, पाणी आणि फवारे यांवर खर्च करावा.

गर्भपाताचा मुद्दा टाळता येत नाही. सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाय गाभडली तर ब्रुसेलोसिसचा संशय धरावा. गर्भ आणि वार हातमोज्यांशिवाय हाताळू नये, कुत्र्यांना मिळू देऊ नये, चुना टाकून खोल पुरावा. हा रोग माणसालाही होतो. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आयुष्यात एकदा लस दिली की काम होते. गोऱ्ह्यांना ती द्यायची नसते.

नोंदींना माणसे कुठून आणायची, असे विचारले जाईल. गायीच्या कानात बारा अंकी बिल्ला आधीच आहे. रेतनाच्या नोंदीपुढे तीन रकाने वाढवायचे: साठ ते नव्वद दिवसांच्या तपासणीत गाभण की रिकामी, व्यायल्याची तारीख, आणि वासरू वर्षाने जिवंत की नाही. कर्मचाऱ्याचे काम आणि मोबदला रेतनांच्या संख्येऐवजी पहिल्या दोन रकान्यांवर मोजला की तो स्वतःच उलटलेल्या गायीकडे पुन्हा जाईल, बळस पाहील, मुका माज शोधेल. काही महिने आकडे कमी दिसतील आणि काही तालुक्यांना ते अडचणीचे वाटेल. नागपुरात दर डिसेंबरला विधिमंडळ भरते. पशुसंवर्धनावरच्या प्रश्नोत्तरांत विदर्भाच्या आमदारांनी यंदा रेतने किती झाली हे विचारू नये. त्यांनी तालुकावार विचारावे की भरवलेल्या शंभर गायींमागे वासरे किती झाली, आणि ज्यांच्या रेताने गायी सर्वांत जास्त उलटतात अशा दहा वळूंच्या कांड्या अजून वापरात आहेत का.